धोतराच्या फणीवरचं लुगडं

ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की सगळ्यात आधी डोळ्यांपुढे येतं ते एक डाळिंबी लुगडं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, जंगलात दडून बसलेली माणसं पकडून आणली. पण कोणी 'साहेब, एखादा किस्सा सांगा' म्हटलं की माझ्या तोंडून हेच साधं चोरीचं प्रकरण बाहेर पडतं. ऐकणारे हिरमुसतात. मारामारीच्या आशेने चहा घेऊन बसलेल्या माणसाला लुगड्याची गोष्ट ऐकावी लागते, त्याला मी काय करणार?

नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होती. मी शहरातल्या एका ठाण्यावर सबइन्स्पेक्टर होतो. हद्दीत विणकरांची मोठी वस्ती होती, त्यामुळे सकाळी ठाण्यात पाऊल टाकलं की सगळीकडून मागांची खटखट ऐकू यायची. आमचे मुन्शी त्या आवाजातच रोजनामचा लिहीत आणि सणावारी माग बंद असले की त्यांच्या हातून चुका होत. जमादार वयाने आणि नोकरीने माझ्याहून मोठे होते. तोंडाने मला साहेब म्हणत, पण प्रत्येक बाबतीत आपलं मत आधी सांगून टाकत, म्हणजे नंतर माझं चुकलं तर त्यांना आठवण करून देता यायची.

दिवाळी नुकतीच झाली होती. इतवारीतले एक कापडाचे व्यापारी शेठ रिपोर्ट द्यायला आले. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी करवतकाठी लुगडी विणून घेतली होती. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते, ती. कुलुपाच्या खोलीत ठेवलेला लुगड्यांचा गठ्ठा नाहीसा झाला होता. कुलूप शाबूत, खिडकी शाबूत. एकच लुगडं वाचलं होतं, कारण ते शेठाणीबाईंनी आधीच नेसायला काढलं होतं.

दोन-तीन दिवसांनी शेठजींचे दिवाणजी स्वतःहून ठाण्यात आले. मोठा अदबशीर माणूस, बोलताना हात सतत जोडलेले. म्हणाले, "साहेब, माह्यं नाव कोठी येऊ देऊ नका, पण ज्या घरी ही लुगडी विणली ना, त्याच घरचा पोरगा कुहीकडे गेला हाय. उद्या सकाळच्या छोट्या लाईनच्या गाडीनं येईल. जवळ गाठोडं राहील. गाठोड्यात लुगडं सापडलं नाही तर माह्यं नाव बदला."

अशी पक्की खबर मिळाली की ठाण्यात सगळे खूश होतात. मीही झालो. दुसऱ्या दिवशी इतवारी स्टेशनवर आमचे शिपाई साध्या कपड्यांत उभे राहिले आणि गाडीतून उतरलेल्या त्या मुलाला गाठोड्यासकट घेऊन आले. पंचांसमक्ष गाठोडं सोडलं. वर धोतर, सदरा, त्याखाली घडी केलेलं डाळिंबी करवतकाठी लुगडं. शेठजींना बोलावलं. त्यांनी काठ पाहिला आणि "माझंच!" म्हणाले. मुद्देमाल मोहरबंद झाला, पंचनामा झाला. जमादार म्हणाले, "साहेब, प्रकरण खलास."

मुलगा विशीच्या आतबाहेरचा असेल. उंच, अंगाने सडपातळ, मान थोडी झुकवून चालणारा. मी त्याला समोर बसवून विचारायला सुरुवात केली.

"चोरी केलीस?"

"नाही, साहेब."

"मग हे लुगडं कोणाचं?"

गप्प.

"कुहीला कशाला गेला होतास?"

गप्प.

आरोपी गप्प बसतो ते दोन तऱ्हांनी. चोर गप्प बसतो तेव्हा त्याचे डोळे आपल्या तोंडावर असतात, आपल्याला किती कळलंय याचा तो अंदाज घेत असतो. हा मुलगा मात्र दाराकडे पाहत होता. बाहेर कोणाची चाहूल लागली की दचकायचा. मी म्हणालो, "ठीक आहे, तुझ्या बापाला बोलावतो, तोच सांगेल." तर तो खुर्चीवरून उठून माझ्या पायांपाशी आला.

"बाबाले नका बलावू साहेब! चोरी केली असं लिहून टाका. अंगठा देतो मी. पण बाबाले नका बलावू."

मी लेखणी खाली ठेवली. चोरीचा आळ टाळायला माणसं काय काय करतात ते मी रोज पाहत होतो. देवाच्या शपथा घेतात, पोराबाळांच्या घेतात, शेजाऱ्याला अडकवतात. इथे एक मुलगा चोरी अंगावर घ्यायला तयार होता, म्हणजे त्याच्याकडे लपवण्यासारखं चोरीहून मोठं काहीतरी होतं. ते काय असावं? खरं सांगतो, लुगड्यांपेक्षा मला त्याचीच जास्त उत्सुकता लागली.

जमादारांना असले प्रश्न पडत नसत. त्यांनी मुलाला कोठडीत नेलं आणि परत येऊन विजयी मुद्रेने म्हणाले, "साहेब, पोरगं दिसते तेवढं भोळं नाही. सजायाफ्ता हाय. घोट्यावर बेडीचे घट्टे हायेत, दोन्ही पायाले."

मी जाऊन पाहिलं. खरंच, दोन्ही घोट्यांच्या वर कातडी काळी पडून घट्ट झाली होती, गोल कड्यासारखी. आमच्या खात्यात अशा खुणा दिसल्या की दुसरा विचार कोणाच्या डोक्यात येत नाही. आधी शिक्षा झालेली असेल तर कोर्टही दयामाया दाखवत नाही. मी जेलमध्ये विचारणा पाठवली. उत्तर आलं की या नावाचा, या वर्णनाचा कोणी कैदी तिथे कधीच नव्हता. जमादार म्हणाले, "नाव बदलून राहिला असेल." बेडी पडल्याचं एकदा त्यांनी ठरवलं होतं, आता त्यांच्या डोक्यातून ती काढणं सरकारलाही शक्य नव्हतं.

त्याच वेळी आणखी एक बारीक गोष्ट माझ्या नजरेला पडली. मुलाच्या कानामागे आणि केसांच्या कडेला पांढरं काहीतरी राहून गेलं होतं. चुना म्हणावा तर चुना नव्हे. पीठ म्हणावं तर तो काही पीठगिरणीतला नव्हता. मी ते मनात ठेवलं.

मॅजिस्ट्रेटकडून थोडी मुदत मिळाली होती. दुपारी मुलाची आई डबा घेऊन आली. हडकुळी बाई, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, हाताच्या बोटांना सुताला लावायच्या कांजीचा वास. रडली नाही, ओरडली नाही. ठाण्यात आलेल्या आया बहुतेक करून आधी आम्हाला शिव्या देतात, मग पाया पडतात, मग पुन्हा शिव्या देतात. ही जमादारांना एवढंच म्हणाली, "भाकर आनली जी." डब्यात ज्वारीची भाकर, झुणका, हिरवी मिरची. आणि वेगळ्या फडक्यात बांधलेली एक वाटी. वाटीत तिळाचं तेल आणि जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा.

"हे कशाले?" जमादारांनी विचारलं. कोठडीत काय जातं ते तपासणं त्यांचं कामच होतं.

"तोंडाले लावाले. कातडं जळजळते त्याचं."

"कोठडीत तोंडाले तेल! अन् अत्तर नाही आनलं का, बाई?"

शिपाई हसले. बाई हसली नाही, की रागावलीही नाही. वाटी तिथेच ठेवून, मुलाकडे एकदाच पाहून निघून गेली. त्या पाहण्यात काळजी होती, पण आश्चर्य नव्हतं. पोटचा मुलगा चोरीत सापडलाय आणि आईला आश्चर्य नाही! जमादारांनी याचा सरळ अर्थ काढला, की आईलाही सगळं ठाऊक आहे, तिचाही जबाब घ्या. मला तो अर्थ पटेना, पण दुसराही सुचत नव्हता. थंडी अजून पडली नव्हती. तरण्या मुलाचं तोंड जळजळायचं कारण काय?

शेवटी बापाला बोलवावंच लागलं. मुलाला मी मुद्दाम आत ठेवलं. बाप ताठ कण्याचा, कपाळावर गंध, अंगात स्वच्छ बंडी. वस्तीतला मानाचा माणूस, समाजाच्या पंचांत बसणारा. त्याने उभ्यानेच उत्तरं दिली.

"माह्या घरी तीन माग हायेत साहेब. एकावर मी, एकावर पोरगा. तिसरा माह्या बापाचा, त्यावर धोतरं निघत. आता तो कोनी वापरत नाही. शेठजीची लुगडी आमीच विनली. मोजून दिली, मोजून घेतली. पोरानं चोरी केली असंल तर तुमी त्याले फासावर चढवा, मी तोंड पाहाले येनार नाही."

"घरी एखादं लुगडं उरलं होतं का?"

तो जरा घुटमळला. मग रागानेच म्हणाला, "माह्या बायकोनं एक बिघडवलं होतं. बापाच्या मागावर विनाले बसली अन् धोतराच्या फनीवरच लुगडं विनून टाकलं. पन्हा वाढला, कोन घेईल ते? उभा जन्म मागापाशी गेला तिचा, तरी अक्कल नाही. चार लोकांसमोर बोललो मी तिले. मंग पोराजवळ देल्लं विकाले. कुहीच्या बाजारात विकून आला तो, पैसे बी आनून देल्ले मायले. ते प्रकरन तवाच मिटलं."

"पकडलेलं लुगडं पाहता का?"

"चोरीच्या मालाकडे मी पाहत नाही." आणि तो निघून गेला.

ज्यांना मागाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. फणी म्हणजे मागावरचा दात्यांचा कंगवा, त्यातून उभे धागे ओवलेले असतात. फणी जेवढी रुंद, तेवढी कापडाची रुंदी, म्हणजेच पन्हा. धोतराचा पन्हा लुगड्यापेक्षा मोठा असतो. मी शेठाणीबाईंचं लुगडं मागवलं, पंचांसमक्ष मोहर फोडली आणि ठाण्याच्या ओसरीवर दोन्ही लुगडी एकावर एक पसरली. काठ तेच, रंग जवळपास तोच. पण पकडलेलं लुगडं दुसऱ्याच्या बाहेर चांगलं पंजाभर आलं होतं.

शेठजींचं ते नव्हतंच. मुलगा चोर नव्हता. त्याच्या घरातलं लुगडं त्याच्या घरच्या गाठोड्यात सापडलं होतं. एवढी साधी गोष्ट त्याने तोंडातून का काढू नये? 'विकलं नाही, जवळच ठेवलं' म्हणायला काय जात होतं? आणि नसेल विकलं, तर आईला पैसे आणून दिले ते कुठले?

जमादार पसरलेल्या लुगड्याकडे पाहत म्हणाले, "एवढ्या पन्ह्याचं लुगडं बाईले नेसताच येनार नाही साहेब. पायात येईल. हे नेसाले बाई गड्यामानसाएवढी उंच पाहिजे."

आम्ही दोघांनी एकाच वेळी कोठडीकडे पाहिलं. घोट्यावरचे घट्टे, कानामागचा पांढरा रंग, तेलाची वाटी. दिवाळीनंतर कुहीकडच्या गावागावांत मंडई, म्हणजे जत्रा भरते, हे नागपूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. मंडईत भरदुपारी खडी गंमत होते, तमाशासारखी. त्यात शाहीर असतो, ढोलकीवाला असतो आणि लुगडं नेसून नाचणारा पुरुष असतो, नाच्या. त्याच्या पायात चाळ असतात, ते बांधून बांधून घोट्यावर घट्टे पडतात.

"बेडी नव्हती गा ती," जमादार हळूच म्हणाले. कोणाला उद्देशून, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई डबा घेऊन आली तेव्हा मी तिला ओसरीवर बसायला सांगितलं आणि शिपायांना बाहेर पाठवलं. जमादार मात्र हलले नाहीत. मी लुगडं तिच्यापुढे ठेवलं.

"बाई, हे ओळखता का?"

तिने हात लावला नाही. "माह्या हातचं हाय."

"चुकून धोतराच्या फणीवर विणलं गेलं, असं तुमचे मालक सांगतात."

तिने माझ्या लेखणीकडे पाहिलं. मग म्हणाली, "साहेब, हे लिहून घेऊन राहिले का?"

"नाही. मी फक्त ऐकतो आहे."

"मंग सांगते. फनी चुकत नसते. डोळे मिटून बी हाताले कळते."

"तुम्हाला माहीत होतं तर."

"माय हाय मी त्याची."

एवढं बोलून ती थांबली. तिच्या दृष्टीने उत्तर पूर्ण झालं होतं. माझं समाधान झालं नव्हतं. मी विचारलं, "त्याने सांगितलं?"

"नाही. त्याले काहून सांगाव लागते? मी चुलीपाशी बसते, दोघं बापलेक मागावर. त्यायचा माग एका चालीनं चालते, जसा पाऊस पडून राहिला तसा. पोराचा बी तसाच चाले. मंग एका साली त्याच्या मागाची चाल बदलली. पाय पावडीवर ठेका धरून राहिले. दोन मोठे, तीन बारीक, मंग थांबून एक. बापाले वाटे, पोरगं हात जल्दी चालवून राहिलं. मी भाकर थापता थापता आयके. माह्या मनात आलं, हा ठेका मागाचा नाही, ढोलकीचा हाय."

जमादार पुढे सरकून बसले.

"मंग तेल सरू लागलं घरातलं. रंग तेलानंच निंगते ना तोंडाचा. चोरून घेई बिचारा, थोडं थोडं. म्या म्हटलं, घाईत पुसते, अंगनातल्या माठाच्या पान्यानं घासते, कातडं सोलून निंगन याचं. मंग गावावरून तो यायच्या दिवशी मागच्या दाराशी वाटी भरून ठेवाले लागली. फडकं बी ठेवो. त्याले वाटे, दिव्यासाठी ठेवली असंल मायनं."

"कधी विचारलं नाहीत त्याला?"

"विचारलं असतं तर खोटं बोला लागलं असतं त्याले, साहेब. माह्याशी खोटं बोलून तो घरात राह्यला नसता. त्याचा सभाव मले ठाऊक हाय. लुगडं विकलं म्हने, तेवढंच एक खोटं बोलला. अन् ते बी म्याच बोलाले लावलं त्याले."

"आणि हे लुगडं?"

आता पहिल्यांदा तिने लुगड्याला हात लावला. "मागच्या साली माहेरच्या गावाची मंडई होती. मी भावाकडे जाते म्हनून गेली. बायांच्या घोळक्यात मागं उभी राह्यली, पदर असा तोंडावर घेऊन. तो आला नाचाले. माह्यं लेकरू! काय सांगू साहेब, काय नाचला. बाया कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढत होत्या. पन लुगडं कोनाचं तरी मागून आनलेलं, आखूड. नडग्या उघड्या पडत. एवढा उंच पोरगा, त्याले बाईमानसाचं लुगडं कसं पुरन? लोकं हसले. त्याच्या नाचाले नाही हसले, त्याच्या नडग्याले हसले. तो नाचता नाचता वाकून वाकून लुगडं खाली वढे अन् लोकं आनखी हसत."

तिने पदराचं टोक डोळ्यांना लावलं. "घरी आली अन् सासऱ्याच्या मागावर बसली. धोतराची फनी तशीच होती त्यावर."

त्या बाईने नवऱ्याचं बोलणं चारचौघांत खाऊन घेतलं होतं, वस्तीत आपलं हसं करून घेतलं होतं, आणि त्यातलं अवाक्षर मुलाला कळू दिलं नव्हतं. बिघडलेलं लुगडं विकून ये म्हणून त्याच्याच हातात ठेवलं होतं. तो ते विकणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तिला मिळालेले पैसेही त्याच्या नाचाच्या सुपारीचे होते. माझ्या मनात त्या बाईबद्दल जो आदर उभा राहिला तो आजही तसाच आहे.

"त्याच्या बापाला कळलं तर?" मी विचारलं.

"दोन सालं झाले, एका घरचा पोरगा गंमतीत गेला म्हनून यायनंच पंचात बसून त्या घराले वाळीत टाकाले लावलं. आता सोताच्या पोराले घरात ठेवतीन का ते? त्यायचा शब्द मोठा हाय, तो त्यायले बी मोडता येनार नाही." मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "चोरीनं पोरगा जेलात जाईल, मंग सुटून तरी येईल. हे कळलं तर तो माह्या घरी कधीच येनार नाही. आता तुमी सांगा साहेब, मी काय करू?"

खरं सांगून मुलाला सोडवता येत होतं, पण तो घराला मुकत होता. गप्प राहून घर राहत होतं, पण तो चोर ठरत होता. मी तिला म्हणालो, "तुम्ही काही करू नका, बाई. घरी जा." आणि मी खऱ्या चोराच्या मागे लागलो, कारण यातून निघायला तेवढी एकच वाट होती.

चोर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आधीच यायला हवा होता तो प्रश्न आता माझ्या डोक्यात आला. गाठोडं घट्ट बांधलेलं होतं, वर धोतर होतं. आत लुगडं आहे हे दिवाणजींना कसं कळलं?

मी त्यांना बोलावलं. ते हात जोडूनच आले. मी चहा मागवला, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग सहज म्हणालो, "दिवाणजी, यंदा मंडई पाहायला गेला होतात का?"

"गेलो होतो ना साहेब, सासरवाडीले."

"गंमत कशी झाली?"

त्यांचे जोडलेले हात सुटले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच. ते म्हणाले, गंमत आपण पाहिली नाही. मी म्हणालो, मंडईला जाऊन गंमत न पाहणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटतो आहे. जमादारांनी दार लोटलं. त्यांनी हातही उगारला नाही, नुसते मिशीवरून बोट फिरवत समोर बसले. दिवाणजी बोलू लागले.

कुलपाची किल्ली त्यांच्याच ताब्यात असे. लुगडी त्यांनी सासरवाडीला नेऊन ठेवली होती. तिथल्या मंडईत नाच्याच्या अंगावर करवतकाठी लुगडं दिसलं, नीट पाहिलं तर नाच्याही ओळखीचा निघाला. याच मुलाच्या हातून शेठजींचा माल दुकानात यायचा. त्यांनी ताबडतोब हिशेब मांडला, की हा मुलगा पकडला गेला तर मेला तरी बोलणार नाही. असा आरोपी शोधून सापडत नाही. त्या माणसाच्या हुशारीचा मला राग आला तेवढा त्याच्या चोरीचा आला नाही. सासरवाडीहून लुगडी हस्तगत झाली. शेठजींनी ओळखली, आणि या वेळी मी ओळख पटवून घेतली ती पन्हा मोजून.

राहिला मुलाच्या सुटकेचा कागद. मुन्शींनी विचारलं, "काय लिहू साहेब?" मी सांगितलं, "लिहा. सदर लुगडं आरोपीच्या आईने स्वतः विणलेलं असून ते विक्रीसाठी मुलाकडे दिलं होतं. गिऱ्हाईक न मिळाल्याने तो ते परत आणत होता." यात खोटं फारसं काही नव्हतं. एवढ्या उंचीचं गिऱ्हाईक नागपुरात दुसरं मिळालंही नसतं. दिवाणजींनाही मी बजावलं, की मंडईत काय पाहिलं ते कोर्टात कोणी विचारणार नाही, तेव्हा सांगायचं काम नाही.

सोडायच्या दिवशी आईबाप दोघंही आले. मुलाला बाहेर आणलं. बापाने कागद वाचून घेतला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "परत आनत होता? यानं तर विकलं म्हनून सांगतलं होतं. पैसे बी देल्ले."

मुलगा तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "तो काही नाही बोलला. म्याच सांगतलं तुमाले तसं. पैसे माह्याजवळचे होते. रोज त्या लुगड्यावरून बोलत होते तुमी, म्हटलं, विकलं म्हनून सांगतलं का चूप बसतीन."

"फनी बी चुकते अन् तोंड बी खोटं बोलते!" बाप ओसरीवर सगळ्यांदेखत तिच्यावर कडाडला. "काय म्हनाव तुले?" आणि तरातरा पायऱ्या उतरून रस्त्याला लागला. चोरीच्या आळातून मुलगा सुटला याचा आनंद त्याच्या पाठीत दिसत होता, पण तोंडावर आणायची त्याची रीत नव्हती.

मुलगा आईकडे पाहत राहिला. ती आपल्यासाठी खोटं का बोलली, हे त्याला समजत नव्हतं. मी मोहर काढलेलं लुगडं तिच्या हातात दिलं आणि पावतीवर अंगठा घेतला. तिने लुगडं मांडीवर ठेवून सावकाश नीट घडी केलं, काठाला काठ जुळवला. मग ते आपल्या पिशवीत न ठेवता मुलाच्या हातात दिलं.

"मंडया हायेत ना गा अजून दोन-चार?" ती रोजच्या आवाजात म्हणाली. "घेऊन जाशीन विकाले. अन् वाटी मागच्या दाराशीच राहील, जिथं रोज राह्यते तिथं."

मुलगा लुगडं घेऊन उभाच होता. त्याने पन्ह्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. तोही विणकराचाच मुलगा, धोतराची फणी कोणाच्या हातून चुकत नाही हे त्याला कधीच कळायला हवं होतं. नवं लुगडं मिळाल्याच्या आनंदात त्याने तेवढाही विचार केला नव्हता. आता तो ठाण्याच्या पायरीवर मटकन बसला आणि लुगड्यात तोंड खुपसून रडू लागला. आई त्याच्या शेजारी बसली नाही, की डोक्यावरून हातही फिरवला नाही. बापाच्या मागे रस्त्याला लागत एवढंच म्हणाली, "चाल, जाऊन भाकर टाकते मी. उशीर नको लावू."

जमादार खांबाआड जाऊन नाक शिंकरून आले.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. माझा सगळा धंदा विचारण्याचा. विचारायचं, पुन्हा विचारायचं, उलटसुलट विचारायचं, आणि माणूस बोलला की काम झालं. त्या बाईने मुलाला एकही प्रश्न न विचारता आमच्या सगळ्या ठाण्याहून जास्त माहिती मिळवली होती, आणि मिळवून तिने तिचं काय केलं, तर तेलाची वाटी भरून ठेवली. त्यानंतर कोणी माझ्यासमोर गप्प बसलं की मी आवाज चढवण्याआधी थोडा थांबू लागलो. हा माणूस कोणाला वाचवतो आहे, हे आधी पाहू लागलो. त्याने माझे तपास लांबले, पण बरेचसे बरोबर लागले. त्या बापाला पुढे कधी कळलं की नाही, मला माहीत नाही. चौकशी करायला मी गेलो नाही.

पुढच्या वर्षी मंडईच्या बंदोबस्ताला मी मुद्दाम कुहीकडचा भाग मागून घेतला. जमादारही बरोबर आले. त्यांचं काम नसताना आले. दुपारी गंमत उभी राहिली, ढोलकी वाजू लागली आणि नाच्या गोलात आला. दोन मोठे, तीन बारीक, मग थांबून एक. डाळिंबी लुगड्याचा करवती काठ थेट पायातल्या चाळांवर टेकत होता. बायांच्या घोळक्याकडे मी बराच वेळ पाहिलं, पण सगळ्यांचेच पदर तोंडावर होते. तो पूर्ण ताठ उभा राहून नाचला, एकदाही वाकला नाही. कोणी हसलं नाही.